मागचं बघणारा कॅमेरा

"ह्यो माझा जावई हाय, का शेतात हुबं केल्यालं बुजगावणं? सांगा की! नाक कुठं हाय ह्येचं? वळकून दावा!"

बोरगावचे पाव्हणे आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात उभे राहून ओरडत होते आणि पोरीच्या लग्नाचे फोटो एकेक करून जमिनीवर टाकत होते. आवाज असा, की गल्लीच्या टोकाला न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाची अर्धी मिशी त्या दणक्यानं उतरली. हे न्हावी पुढं कैक वर्षं शपथेवर सांगायचा. माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे, कारण ही गोष्ट त्याला मीच सांगितली होती.

आमचा अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, भिंतीला टेकून खाली बघत होता. फोटो त्यानंच काढले होते. मी वाकून एक उचलला. नवरा-नवरी पाटावर बसलेली. दोघांची तोंडं लोण्याच्या गोळ्यावरनं बोट फिरवावं तशी पुसट. आणि त्यांच्या पाठीमागं, हातभर अंतरावर, रिवाजाप्रमाणं उभा असलेला नवरीचा मामा! काय मामा होता! देवळाच्या भिंतीवर कोरून काढावा तसा. मी दुसरा फोटो उचलला, तिसरा उचलला. सगळीकडं पुढची माणसं धुक्यात आणि मामा लख्ख उन्हात.

"बगा की मास्तर तुमीच," पाव्हणे माझ्याकडं वळले. मी तेव्हा निपाणीतल्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचो, त्यामुळं चित्राच्या बाबतीत मलाही आरोपी धरायला हरकत नव्हती. "मिशीचा केस न् केस येगळा. फेट्याचा पीळ येगळा. दातातली सुपारी सुदिक दिसतीया! लगीन मामाचं हुतं व्हय?"

"न्हाई जी," अण्णा म्हणाला.

"मग?"

अण्णाला खोकल्याची ढास आली, आणि ती आली की दोन माणसांची भांडणं आपोआप थांबायची एवढी ती लांब असायची. ती संपेपर्यंत पाव्हण्यांचा पारा थोडा उतरला.

"सदलग्याच्या माझ्या साडूला म्याच सांगून बसलोय, फोटोवाला निपाणीचा घे म्हणून. मार्गशीर्षाच्या शेवटाला त्येच्या पोराचं लगीन हाय. आता शब्द फिरवायचा तर माझंच नाक कापतंय. पण ध्यानात ठेवा, ते लगीन बी असंच ढगात गेलं, तर चिकोडीपतोर कुठल्या मांडवात पाय ठिवू देणार न्हाई तुमास्नी."

एवढं बोलून ते निघाले. जाताना मात्र खाली वाकून मामाचे चांगले तीन फोटो निवडले आणि कोटाच्या आतल्या खिशात घातले.

अण्णा वीसेक वर्षं तंबाखूच्या वखारीत होता. निपाणीत राहून तंबाखूपासून लांब राहायचं म्हणजे नदीत उभं राहून कोरडं राहायचं. अण्णा चाळणीवर होता. तंबाखू चाळायची, भुकटी वेगळी काढायची, पोती भरायची. तोंडाला फडकं बांधायचं, पण ती भुकटी अशी जातीवंत की फडक्यातनं, भिंतीतनं, देवाच्या फोटोच्या काचेतनं पलीकडं जायची. आमच्या घरचं मांजरसुद्धा दिवसातनं चार वेळा शिंकायचं. शेवटी अण्णाची छाती वाजायला लागली. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि वहिनीला बाहेर बोलावून सांगितलं, "ह्यांना धुळीत परत पाठवलंत तर मग माझ्याकडं आणू नका."

मग गुढीपाडव्याच्या सुमाराला अण्णानं वखार सोडली आणि कॅमेरा आणला. बेळगावच्या कॅम्पात एक निवृत्त साहेब बंगला मोकळा करून चालले होते, त्यांच्या अडगळीतनं. जर्मन बनावटीचा, लोखंडी डबीसारखा, एकाखाली एक दोन डोळे असलेला, वरचा बघायला आणि खालचा फोटो घ्यायला. वरनं झाकण उघडायचं, छातीशी धरायचा आणि विहिरीत डोकावल्यासारखं आत बघायचं. आत दुधी काचेवर सगळं जग दिसायचं, फक्त डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं. त्या कॅमेऱ्यानं दोन महायुद्धं बघितली आहेत असं मी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो जन्मला नव्हता, पण गल्लीत तारखा तपासणारं कोणी नव्हतं.

उन्हाळ्यातली पाच-सहा लग्नं अण्णानं त्यावर झकास काढली. न्हाणीघराला घोंगडं लावून तो फिल्म धुवायचा, आणि घरात कुणालाच अंघोळ वेळेवर मिळायची नाही. वखारीच्या मालकांनी त्याची जागा तरीही ठेवली होती. "संक्रांतीनंतर नवा माल येणार. तवर बघ तुझं काय जमतंय. न्हाईतर ये परत," असं ते म्हणाले होते. माणूस वाईट नव्हता. पण त्या 'ये परत'चा अर्थ वहिनीला डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेला होता. म्हणजे आमच्या घरापुरता हिशेब सरळ होता. सदलग्याचं लग्न नीट आलं तर अण्णा श्वास घेणार.

"भुकटीच हाय ती," अण्णा त्या संध्याकाळी म्हणाला. कॅमेरा मांडीवर घेऊन बसला होता, आजारी पोर घ्यावं तसा. "माझ्या छातीत गेली तशी ह्येच्या बी छातीत गेली. निपाणीचं वारं हाय, कुणाला सोडतंय?"

मलाही पटलं. आणि मग माझी पायपीट सुरू झाली, जिची आठवण झाली की आजही माझ्या पोटऱ्या आपणहून दुखायला लागतात.

बेळगावला अनगोळात एक म्हातारे गृहस्थ घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करायचे. निपाणी ते बेळगाव बस, संकेश्वरला हमखास पंक्चर. बसस्थानकावरनं अनगोळपर्यंत चालत, कारण रिक्षात हादरे बसतील ही अण्णाची सक्त ताकीद. कॅमेरा टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेला. एकदा एका बाईनं मला उठून जागा दिली आणि विचारलं, "किती दिवसांचं हाय?" मी म्हणालो, "जरा मोठं हाय, पण वाढ न्हाई." तिनं त्याला मीठ-मोहऱ्या उतरून टाकायला सांगितल्या. तेवढा एक उपाय आम्ही केला नाही.

म्हाताऱ्यांनी कॅमेरा उघडला आणि पहिल्यांदा दणकून शिंकले. मग दुसऱ्यांदा. त्यांच्या दुकानातली सगळी बंद घड्याळं त्या शिंकेनं चालू झाली असं मी म्हणणार नाही; दोन झाली.

"निपाणी?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"व्हय."

"वासावरनंच कळलं री."

कॅमेरा ठेवून जा म्हणाले. पुढच्या रविवारी मी गेलो तर दुकान बंद, कारण त्यांच्याकडं कसलीशी जत्रा. त्याच्या पुढच्या खेपेला काम झालेलं नव्हतं. त्याच्या पुढच्या खेपेला झालं होतं. त्यांनी शटर माझ्या कानाशी धरून वाजवून दाखवलं. कट् कट्, घड्याळासारखं. दोन्ही लेन्स अशा पुसल्या होत्या की नाहीतच असं वाटावं.

"एनू आगिल्ला री, मास्तर. काय बी झालेलं न्हाई ह्याला. थोडी तंबाखू होती, ती मीच ओढली म्हणा की. कॅमेरा ठणठणीत. तुमच्या अण्णाला डोळ्याच्या डाक्टरकडं न्या."

घरी येऊन मी हा निरोप दिला तेव्हा अण्णानं नुसती फिल्म भरली, वहिनीला सोप्यात पाटावर बसवलं, मागं मला उभं केलं, खिडकी अर्धी उघडली आणि फोटो काढले. न्हाणीघरातनं तासाभरानं ओली फिल्म घेऊन बाहेर आला आणि उजेडाला धरून बघत राहिला. मी त्याच्या खांद्यावरनं बघितलं. वहिनी धुक्यात. मी लख्ख. माझ्या सदऱ्याचं तुटकं बटणसुद्धा लख्ख.

डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो, तेही केलं. त्यांनी अण्णाला भिंतीवरची कानडी, मराठी, इंग्रजी, सगळी अक्षरं वाचायला लावली. अण्णानं तळातली ओळ वाचली, आणि तिच्याखाली तक्ता छापणाऱ्याचा बारीक पत्ता होता तोही वाचला. डॉक्टर म्हणाले, "ह्यांचे डोळे माझ्यापेक्षा बरे आहेत."

म्हणजे कॅमेऱ्यात दोष नाही, माणसात दोष नाही, आणि फोटोत मात्र घरची माणसं भुतं झालेली. परतीच्या वाटेवर अण्णा एका कट्ट्यावर बसला. म्हणाला, "दमलो रं." त्याच्या तोंडनं हा शब्द मी वखारीच्या वीस वर्षांत ऐकला नव्हता. मीही शेजारी बसलो. दोघं बराच वेळ रस्त्यावरनं जाणाऱ्या बैलगाड्या बघत होतो आणि कुणालाच उठावंसं वाटत नव्हतं.

पण बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एक आलं. सगळ्या फोटोत काही ना काही लख्ख होतंच की! मामा लख्ख, मी लख्ख. हा कॅमेरा आंधळा नव्हता. तो बघत होता, पण सांगितलेल्या माणसाच्या मागचं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गल्लीतल्या माणसांची रांग लावली. समोर न्हावी, त्याच्या मागं हातभर तिरका शिंपी, मग दुधवाली आक्का, मग पिठाच्या गिरणीवाला, मग मारुतीच्या देवळातला गुरव, असं शेवटच्या खांबापर्यंत. प्रत्येकाचं तोंड दिसलं पाहिजे, म्हणून रांग तिरकी. ऊन उतरलं होतं. अण्णानं लेन्स पूर्ण उघडली आणि दुधवाल्या आक्काच्या नाकातल्या चमकीवर नेम धरला.

"हसू नगासा," अण्णा म्हणाला.

"हसतंय कोण? माझी म्हस पिळायची राहिलीया," आक्का म्हणाली.

"राशनच्या रांगेत बी एवढं हुबं ऱ्हात न्हाई म्या," शिंपी म्हणाला.

फिल्म धुतली. आक्का नव्हती. न्हावी आणि शिंपी तर आत्मे झाले होते. गिरणीवाला जेमतेम ओळखू येत होता, आणि गुरव, ज्याच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नव्हतं, तो भुवईच्या केसापर्यंत आला होता. गुरवानं तो फोटो मागून घेतला. त्याच्या मते देव ज्याला त्याला बरोबर ओळखतो.

एवढं कळल्यावर पुढचं माझ्या धंद्यातलं होतं. मी पतंगाचा पातळ कागद आणला, त्याला तेलाचं बोट पुसलं, कॅमेऱ्याची पाठ उघडली आणि जिथनं फिल्म जाते तिथं तो ताणून चिकटवला. अण्णानं शटर उघडं धरून ठेवलं. समोरच्या कट्ट्यावर एक कंदील ठेवला होता. अण्णानं वरनं बघून कंदील अगदी स्पष्ट करून घेतला आणि म्हणाला, "आला." मी डोक्यावर घोंगडं घेऊन मागच्या कागदावर बघितलं. कंदील उलटा दिसत होता, ते बरोबरच होतं. पण पुसट. आणि कंदिलाच्या मागची भिंत, तिचा निघालेला चुना, त्यावरची पाल, सगळं स्पष्ट.

"अण्णा, वरचा डोळा लबाड हाय," मी घोंगड्यातनं ओरडलो. "वर दिसतंय एक आन् खाली उमटतंय दुसरं!"

आम्ही दोघांनी मग वरच्या भागाकडं मान वळवली. इतके दिवस आम्ही, आणि अनगोळचे म्हातारेसुद्धा, सगळं खाली शोधत होतो. शटर खाली, फिल्म खाली. वर काय, तर एक आरसा आणि एक काच. त्यात बिघडण्यासारखं काय असणार?

"ह्या वरच्या काचेला कुणी हात लावलाय काय?" मी विचारलं.

"कोण लावतंय?" अण्णा म्हणाला.

तांदूळ निवडत बसलेली वहिनी मान वर न करता म्हणाली, "खंडेनवमीला तेवढी धुतलीया म्या."

दोघंही तिच्याकडं बघायला लागलो. पूजेला हात लावणं हे हात लावण्यात अण्णानं धरलंच नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पूजतात. न्हाव्याचा वस्तरा, शिंप्याचं मशीन, कुणाची कुऱ्हाड, कुणाची सायकल. पोट भरणारी वस्तू त्या दिवशी धुवायची, पुसायची, पाटावर मांडायची, हळद-कुंकू वाहायचं. वखारीत अण्णा दरवर्षी चाळण्या आणि तराजू धुऊन मांडायचा. यंदा त्याचं हत्यार बदललं होतं. त्यानं कॅमेऱ्याचं सुटेल तेवढं सोडलं, वरचं झाकण काढलं, दुधी काच काढली, आणि वहिनीनं ती रिठ्याच्या पाण्यानं धुऊन पाटावर ठेवली. कुंकू लावायला गेली, तर गुळगुळीत बाजूवर ते टिकेना. खरखरीत बाजूवर टिकलं. कोपऱ्यात, अण्णाला अडचण नको म्हणून. दसऱ्याला अण्णा काच परत बसवायला लागला तेव्हा तिनं एवढंच सांगितलं होतं, की कुंकवाचं तोंड वर पाहिजे.

अण्णानं झाकण उघडलं आणि काचेवरनं बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"आदी गुळगुळीत लागायची," तो म्हणाला. "आता खरखरीत लागतीया."

तर काच उलटी होती. चित्र उमटतं ते काचेच्या खरखरीत अंगावर, आणि ते अंग खाली, आरशाकडं पाहिजे. ते वर आलं, म्हणजे काचेच्या जाडीएवढा फरक पडला. भाकरीच्या पापुद्र्याएवढा. उन्हात लेन्स बारीक करून फोटो काढला की एवढी चूक झाकून जाते, म्हणून दसऱ्याला शिंगं रंगवलेल्या बैलांचे फोटो चांगले आले होते. मांडवात, बल्बच्या उजेडात, लेन्स पूर्ण उघडली की तीच चूक नवरा-नवरीला सोडून मामाला जाऊन मिळायची. अण्णाकडं फ्लॅश असता तर ही गोष्टच घडली नसती, आणि मला सांगायलाही काही उरलं नसतं.

मी उठून नाचायच्या बेतात होतो. चार स्क्रू काढायचे, काच पालथी करायची, संपलं.

"पालथी न्हाई करायची," वहिनी म्हणाली.

"अगं, चूक सापडली," अण्णा म्हणाला.

"सापडली तर ऱ्हाऊ द्या. कुंकवाचं तोंड खाली करून म्या बसवू देणार न्हाई. तुमाला कशाची पूजा हाय कळतंय का? त्या दिवशी काय मागितलंय म्या, ते मला ठावं." तिनं सूप खाली ठेवलं. "दसऱ्यापासनं खोकला निम्म्यावर आलाय का न्हाई?"

"वखार सोडली म्हणून आलाय."

"वखार पाडव्याला सोडली. मग पावसाळाभर का खोकत हुता?"

मी माझ्या परीनं प्रयत्न केले. मी तिला सांगितलं की काशीला एका देवळात कुंकवाचं तोंड खालीच असतं, कारण देवी पाताळाकडं बघते. वहिनी म्हणाली, "भावजी, तुमी काशीला कवा गेलतासा?" मी म्हणालो, एका गेलेल्या माणसानं सांगितलं. ती म्हणाली, "त्येला हिकडं घिऊन या." मग मी कर्मकांडावर भाषण केलं, मग विज्ञानावर. ती ऐकून घ्यायची, चहा द्यायची, आणि कॅमेरा उचलून देवाच्या देवळीत ठेवायची. देवळीला हात लावायची अण्णाची छाती नव्हती, दोन्ही अर्थांनी.

आठवडाभर हे चाललं. सदलग्याचं लग्न जवळ येत होतं. चूक सापडली नव्हती तेव्हा आम्ही जेवढे दमलो नव्हतो तेवढे सापडल्यावर दमलो. मधेच वखारीतनं निरोप आला, की नवा माल यायच्या आधी जुनी पोती झाडून ठेवायची आहेत, दोन दिवस येऊन गेला तर बरं होईल. निरोप आणणारा गेला. अण्णा उठला, मागच्या खोलीत गेला आणि खुंटीवरचं, तोंडाला बांधायचं, तंबाखूच्या रंगाचं ते फडकं काढून परसात झटकायला लागला. पाडव्यापासनं ते तिथंच लटकत होतं. फाट् फाट् आवाज आला. तेवढ्यावरच त्याला ढास लागली. तो आवळीच्या झाडाला धरून उभा राहिला.

वहिनी चुलीपुढनं उठली. मला वाटलं पाणी घेऊन जाईल. ती देवळीपाशी गेली. कॅमेरा खाली घेतला, पाटावर ठेवला, करंडा घेतला. पुढच्या बाजूला, वरच्या डोळ्याच्या वर, जिथं कारखान्याचं नाव कोरलेलं होतं, तिथं तिनं बोटानं कुंकू लावलं. नीट, गोल, ठसठशीत. मग दोन तांदूळ वाहिले. मग वरचं झाकण उघडलं, पदराचं टोक ओलं केलं आणि आतल्या काचेवरचं कुंकू पुसलं. आधी नवं लावलं, मग जुनं पुसलं. मधे एक क्षणही मोकळा ठेवला नाही.

"फिरवा आता," ती म्हणाली आणि पाणी घेऊन परसात गेली.

मी स्क्रू काढले. काच पालथी केली, गुळगुळीत बाजू वर. पतंगाचा कागद लावला, शटर उघडं धरलं. वर कंदील स्पष्ट, मागं कंदील स्पष्ट. पाल गेली होती.

सदलग्याच्या मांडवात अण्णा कॅमेरा छातीशी धरून उभा होता. कपाळाला कुंकू लावलेला कॅमेरा बघून तिथल्या बायकांनी त्यालाही अक्षता टाकल्या, आणि वरचं झाकण उघडं असल्यामुळं त्या थेट आत गेल्या. मी शेजारी छत्री धरून उभा राहिलो. भर मांडवात, ना ऊन ना पाऊस, लग्नाच्या फोटोवाल्यावर छत्री धरलेला ड्रॉइंग मास्तर त्या तालुक्यानं त्याआधी पाहिला नव्हता. बोरगावचे पाव्हणे समोरच बसले होते. सबंध लग्नात त्यांनी नवरा-नवरीकडं एकदाही बघितलं नसेल. ते अण्णाच्या हाताकडं बघत होते.

फोटो धुऊन, वाळवून, कडक करून आम्ही दोघं परत सदलग्याला गेलो. नवऱ्याच्या वडिलांनी एकेक फोटो हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला आणि शेजारच्याला दिला. शेजारच्यानं पुढं दिला. बोरगावचे पाव्हणेही आले होते. मग त्यांच्या हातात गड्डी आली. त्यांनी सगळे बघितले, जुळवून परत ठेवले आणि विचारलं, "चहा घेणार न्हवं?" कोणी वाहवा केली नाही, कोणी ओरडलं नाही. बिघडलेल्या फोटोवर माणसं तासभर बोलतात. चांगल्या फोटोवर बोलायला काही नसतं. चहा पिताना नवऱ्याच्या चुलत्यानं अण्णाला माघातली एक तारीख मोकळी आहे का विचारलं. अण्णा म्हणाला, हाय. मग आणखी एकानं फाल्गुनातली विचारली.

परतताना बसमध्ये अण्णा खिडकीला डोकं टेकून झोपला. खोकला पूर्ण गेला नव्हता, तो पुढंही कधी पूर्ण गेला नाही. पण झोप लागली. उतरल्यावर म्हणाला, "मालकास्नी तूच सांगून ये. माझ्यानं तिकडं जाववत न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी वखारीत गेलो. वाटेत मी मोठं भाषण तयार केलं होतं. त्यात वीस वर्षं होती, छाती होती, जर्मनी होती, कला होती, आणि शेवटी आभार होते. मालक बैठकीवर बसून पोत्यांवर निशाण्या घालत होते. आत चाळणीवर नवी माणसं लागली होती, पिवळी धूळ दारापर्यंत आली होती. मी उंबऱ्यात उभा राहून घसा साफ केला आणि भाषण सुरू केलं, पण पहिल्याच वाक्यात मला शिंक आली, मग दुसरी आली, आणि शेवटी एवढंच बोललो, "अण्णा आता येणार न्हाई वखारीत. कायमचा न्हाई."

मालकांनी मान वर केली नाही.

"बरं," ते म्हणाले. "जाताना दार ओढून घ्या."